टेलिफोनच्या नोंदी कोणाच्या?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांच्या अवधीत सात बॉम्बस्फोट झाले. माटुंगा रोडपासून भाईंदरपर्यंत पहिल्या वर्गाच्या डब्यांचे पत्रे कागदासारखे फाटले, १८० हून अधिक माणसे प्राणांस मुकली आणि ८०० हून अधिक जखमी झाली. दिवसभराचे काम आटोपून घरी निघालेली ही माणसे होती. त्या अपराधाबद्दल विशेष मकोका न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरविले. पाच जणांना फाशीची व सात जणांना जन्मठेपेची शिक्षा फर्मावली. पुढे २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. त्यांपैकी एक जण २०२१ मध्येच, कैदेत असताना, मृत्यू पावला होता. उरलेल्यांच्या आयुष्यातील एकोणीस वर्षे गजाआड गेली होती. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारच्या अर्जावरून एवढाच हुकूम दिला की, हा निकाल अन्य खटल्यांत पूर्वदृष्टांत म्हणून वापरला जाऊ नये. सुटलेल्यांना तुरुंगात परत जावे लागणार नाही.

या निकालावर जो गदारोळ उठला तो दोन ठरावीक सुरांत होता. एका बाजूने न्यायालयांनी अतिरेक्यांना मोकळे सोडल्याचा आक्रोश झाला, दुसऱ्या बाजूने पोलिसांनी जाणूनबुजून निरपराध्यांस गोवल्याचा. आम्हांला या दोन्ही सुरांत सूर मिसळण्याची इच्छा नाही. अपिलाचा अंतिम न्याय करणे हे सर्वोच्च न्यायालयाचे काम आहे, वर्तमानपत्राचे नव्हे. परंतु उच्च न्यायालयाच्या त्या प्रदीर्घ निकालपत्रात एक प्रकरण असे आहे, की ज्याचा संबंध केवळ त्या बारा जणांशी नसून उद्या या शहरात ज्याच्या मनगटात बेड्या पडतील अशा कोणत्याही माणसाशी आहे. हे प्रकरण मोबाईल टेलिफोनच्या नोंदींचे. ओळखपरेडीतील दोष, कबुलीजबाबांतील संशयास्पद साम्य, स्फोटकांच्या मुद्देमालाची हयगय यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. टेलिफोनच्या नोंदींविषयी त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले.

हकीकत थोडक्यात अशी. तपासाच्या काळात पोलिसांनी आरोपींच्या कॉल रेकॉर्डचा, म्हणजे पोलिसी भाषेत ज्याला 'सीडीआर' म्हणतात त्याचा, आधार घेतला होता. खटला उभा राहिला तेव्हा मात्र त्या नोंदी सरकार पक्षाने पुराव्यात आणल्या नाहीत. आरोपींनी त्या मागितल्या. आपण त्या दिवशी त्या ठिकाणी नव्हतो, परस्परांच्या संपर्कातही नव्हतो, हे या नोंदींवरून दिसेल असे त्यांचे म्हणणे होते. सरकार पक्षाने विरोध केला आणि विशेष न्यायालयाने मागणी नाकारली. तो नकार फिरविण्यासाठी आरोपींना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. या साऱ्यात वर्षांमागून वर्षे लोटली. मध्यंतरी २००८ ते २०१० या काळात खटल्यालाच सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती होती. बचावाचे साक्षीदार बोलावण्याची वेळ आली तेव्हा स्फोटांना सुमारे सहा वर्षे होत आली होती, आणि नोंदी नष्ट झालेल्या होत्या. नोंदी देण्यास केलेली टाळाटाळ व त्यांचा झालेला नाश यांमुळे सरकार पक्षाच्या सचोटीविषयीच गंभीर शंका उत्पन्न होते, असा निष्कर्ष उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये काढला.

आता प्रश्न असा, की त्या नोंदींत होते तरी काय? आरोपी म्हणत होते तसे त्यात असेल, तर ही माणसे २००७ सालीच घरी जावयास हवी होती आणि पोलिसांनी खऱ्या गुन्हेगारांचा माग काढावयास हवा होता. आरोपी म्हणत होते तसे त्यात नसेल, तर सरकारने आपल्या हातचा एक भक्कम पुरावा आपणच गमावला. दोन्ही पक्षी नुकसान झाले ते स्फोटांत आप्त गमावलेल्या कुटुंबांचे. त्यांना एकोणीस वर्षांनंतर इतकेही कळू शकत नाही, की ज्यांना शिक्षा झाली होती ते खरे गुन्हेगार होते की नव्हते.

कॉल रेकॉर्ड ही वस्तू काय आहे हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. कारण तिच्याविषयी जनतेत, आणि पोलीस ठाण्यांतही, विलक्षण गैरसमज आहेत. मोबाईल टेलिफोन हा वस्तुतः एक लहानसा बिनतारी यंत्रसंच. कॉल लागला की तो जवळपासच्या एखाद्या टॉवरशी बोलतो, आणि कंपनीचे संगणकयंत्र आपोआप टिपून ठेवते, की कोणत्या नंबरावरून कोणत्या नंबरास, किती वाजता, किती सेकंद, कोणत्या उपकरणातून आणि कोणत्या टॉवरमार्फत बोलणे झाले. बोलणे काय झाले ते त्यात नसते. ही नोंद कंपनीने आपले बिल आकारण्यासाठी ठेवलेली असते. तिचा लिहिणारा ना पोलिसांचा मित्र असतो, ना आरोपीचा नातेवाईक. पंचनाम्यावर सह्या करणारे पंच पोलिसांच्या नित्य ओळखीचे निघतात, प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराची स्मृती चार वर्षांनी अंधुक होते किंवा अकारण तल्लख होते. या नोंदीला तसले काही होत नाही. फौजदारी खटल्यात इतका निर्लेप साक्षीदार क्वचितच लाभतो.

परंतु या साक्षीदाराला थोडेच ठाऊक असते, हेही विसरता कामा नये. टॉवरचा पल्ला शहरात काहीशे मीटर असला, तर खेडेगावात तो कित्येक किलोमीटर असू शकतो. उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावरील टेलिफोन जवळचा टॉवर सोडून दूरचा पकडतो. एका टॉवरवर गर्दी झाली की कॉल शेजारच्या टॉवरकडे जातो. टॉवरच्या नोंदीवरून टेलिफोन माहीमच्या बाजूस होता की बोरिवलीच्या, हे खात्रीने सांगता येईल. तो फलाटावर होता की रस्त्यापलीकडच्या उपाहारगृहात, हे सांगता येणार नाही. शिवाय टेलिफोन म्हणजे माणूस नव्हे. तो भावाच्या खिशात असू शकतो, बायकोच्या पिशवीत असू शकतो; सीमकार्ड तर तिसऱ्याच कोणाच्या नावावर असते.

यातून एक गोष्ट निष्पन्न होते, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे आम्हांस वाटते. सरकार पक्षाला आरोप निःसंशय सिद्ध करावा लागतो. तेवढे काम एकट्या टॉवरच्या नोंदीने होत नाही. तिला इतर पुराव्याची जोड लागते. आरोपीला मात्र निःसंशय काहीच सिद्ध करावयाचे नसते. सरकारच्या कथेत वाजवी शंका उभी केली की त्याचे काम झाले. ज्या वेळी तो माहीमला बॉम्ब ठेवीत होता असे साक्षीदार सांगतो, त्याच वेळी त्याचा टेलिफोन मिरा रोडच्या टॉवरवरून त्याच्या घरच्या माणसांशी दहा मिनिटे बोलत होता, असे निघाले तर साक्षीदाराची साक्ष डळमळते. म्हणजे तीच नोंद पुष्कळ वेळा सरकारपेक्षा आरोपीला अधिक मोलाची असते. आणि ती ताबडतोब मिळविण्याचा अधिकार मात्र एकट्या पोलिसांना आहे.

यंत्राने दिलेल्या साक्षीविषयी आमच्या न्यायालयांनी पूर्वीपासून सावधगिरी बाळगलेली आहे. मुंबई महापालिकेच्या एका कारकुनास लाच देऊ करणाऱ्या इसमाचे बोलणे पोलिसांनी टेपरेकॉर्डरवर टिपले होते. तो खटला १९६७ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने ती फीत पुराव्यात ग्राह्य धरली, पण फीत मोहोरबंद करून ठेवली नव्हती याची नोंद घेतली आणि अशा वस्तूत फेरफार होऊ शकतो म्हणून ती जपून पारखावी असे बजावले. पुढे संगणक आले, २००० साली पुराव्याच्या कायद्यात कलम ६५-ब आले आणि संगणकीय नोंदीबरोबर प्रमाणपत्र जोडण्याची अट आली. ही अट किती कडक मानावी याविषयी खुद्द सर्वोच्च न्यायालयाचे मत स्थिर राहिले नाही. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात २००५ साली न्यायालयाने मोबाईलच्या नोंदी प्रमाणपत्रावाचून चालतील असे म्हटले. त्या खटल्यातील एका आरोपीस फेब्रुवारी २०१३ मध्ये फाशी झाली. आणि सप्टेंबर २०१४ मध्ये, केरळातील एका निवडणूक प्रकरणात, न्यायालयाने या मुद्द्यापुरते आपले २००५ चे मत चुकीचे ठरविले. त्या आरोपीविरुद्ध इतरही पुरावा होता हे खरे. तरीही हा कालक्रम वाचताना मन अस्वस्थ होते.

अखेरचा खुलासा आला तो आपल्याच जालन्यातून. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारले गेले की काय हा वाद होता, आणि त्याचा पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रीकरणात होता. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. या प्रकरणी १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमाणपत्र आवश्यकच असल्याचे ठरविले. मात्र अधिकारी ते देत नसेल, तर पक्षकाराने न्यायालयाकडे अर्ज करावा व न्यायालयाने ते मागवावे असा मार्गही दाखविला. त्याच निकालात मोबाईल कंपन्यांना एक सर्वसाधारण आदेश दिला गेला, तो आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तपासात ज्या कॉल रेकॉर्डची जप्ती झाली असेल, ते त्या कालावधीचे रेकॉर्ड कंपन्यांनी वेगळे व सुरक्षित ठेवावे, म्हणजे बचावाच्या वेळी किंवा उलटतपासणीच्या वेळी ते मागविता येईल.

आदेश उत्तम आहे. फक्त त्यातील 'जप्ती झाली असेल' हे शब्द पुन्हा वाचावे. पोलिसांनी नोंद जप्त केली तर ती सुरक्षित राहील. पोलिसांनी ती पाहिली, आपल्या कथेला गैरसोयीची आहे असे आढळल्यावर कागदावर आणलीच नाही, किंवा मुळात मागितलीच नाही, तर ती सुरक्षित ठेवण्याचे कारण कोणालाच उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घालून दिलेल्या नियमांप्रमाणे, तपासात गोळा केलेल्या परंतु सरकार पक्ष ज्यांवर विसंबून नाही अशा कागदपत्रांचीही यादी आरोपीस द्यावी लागते. येथेही तीच अडचण. जे गोळाच केले नाही त्याची यादी कोण देणार?

मग आरोपीने स्वतः न्यायालयाकडे जाऊन नोंदी का मागवू नयेत? मागवाव्यात, कायदा तसा अधिकार न्यायालयास देतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ९१ होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ९४ आहे. पण या कलमाखाली आरोपीने कागदपत्रे मागवावयाची ती सामान्यतः बचावाच्या टप्प्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ओरिसातील एका प्रकरणात ठरविले. अपवाद पुढे मान्य झाले, तरी तालुक्याच्या न्यायालयात अजून नियमच चालतो. बचावाचा टप्पा येतो दोषारोपपत्र, आरोपनिश्चिती व सरकार पक्षाच्या सर्व साक्षीदारांची तपासणी झाल्यावर. मोठ्या खटल्यांत यास पाच, सात, दहा वर्षे लागतात. आणि कंपन्यांनी कॉल रेकॉर्ड किती काळ ठेवावयाचे? पूर्वी परवान्याच्या अटीप्रमाणे किमान एक वर्ष. डिसेंबर २०२१ पासून किमान दोन वर्षे. कायदा आरोपीला सांगतो की तुझी पाळी आली म्हणजे माग, आणि पाळी येते तेव्हा मागण्यासारखे काही उरलेले नसते. मुंबईच्या स्फोटांच्या खटल्यात नेमके हेच घडले.

नव्या साक्ष अधिनियमाने प्रमाणपत्राची अट अधिक काटेकोर केली आहे. कलम ६३ प्रमाणे आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. नोंदीचे 'हॅश' मूल्य, म्हणजे संगणकाने काढलेला एक प्रकारचा अंगठ्याचा ठसा, त्यात नमूद करावा लागतो. नोंदीतील एक अक्षर बदलले तरी हा ठसा बदलतो. झडती व जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे झाले आहे. या साऱ्या सुधारणा आम्हांस मान्य आहेत. पण न्यायालयासमोर आलेली नोंद अस्सल आहे की नाही, एवढेच त्यांनी पाहता येते. न आलेल्या नोंदीचे काय, या प्रश्नास नव्या कायद्यांतही उत्तर नाही.

हा प्रश्न केवळ हिंदुस्थानातील पोलिसांच्या खोडीतून उद्भवला आहे असे मात्र कोणी समजू नये. लंडनमध्ये डिसेंबर २०१७ मध्ये बलात्काराच्या आरोपाखालील एका तरुण विद्यार्थ्याचा खटला ऐन सुनावणीत कोसळला. कारण पोलिसांनी फिर्यादी स्त्रीच्या टेलिफोनमधून उतरवून घेतलेले सुमारे ४०,००० संदेश बचाव पक्षास दाखविलेच नव्हते, आणि ते दाखविताच सरकार पक्षाने खटला सोडून दिला. डेन्मार्कमध्ये २०१९ साली असे आढळून आले, की पोलिसांचा संगणक टेलिफोन कंपन्यांकडून आलेल्या मूळ माहितीचे रूपांतर करताना तीतील काही भाग गाळीत होता व टॉवरच्या जागाही चुकवीत होता. तेथील सरकारी अभियोग खात्याने दोन महिने असा पुरावा न्यायालयात वापरणेच थांबविले, १०,००० हून अधिक जुनी प्रकरणे पुन्हा तपासण्यास घेतली आणि तीसहून अधिक कच्च्या कैद्यांना सोडून दिले. आपल्याकडे असे काही झाले असते तर तो गौप्यस्फोट ठरला असता आणि चौकशी समिती नेमली गेली असती. तेथे सरकारी वकिलांनीच ते जाहीर केले.

आणि नीट जपलेली नोंद किती उपयोगी पडते याचेही उदाहरण याच शहरात आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय व नरिमन हाऊसमधील अतिरेक्यांचे सीमेपलीकडील सूत्रधारांशी चाललेले बोलणे पोलिसांनी त्याच वेळी टिपले. ते बोलणे इंटरनेटमार्गे कसे फिरविले गेले हे सांगण्यासाठी अमेरिकेतील तपास अधिकारी साक्षीस आले, उलटतपासणीस सामोरे गेले, आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा कायम करताना ती संभाषणे कटाच्या पुराव्यात विस्ताराने विचारात घेतली. तेथे नोंदी लपविण्याची गरज सरकारला भासली नाही. दोन खटल्यांत फक्त दोन वर्षांचे अंतर, शहर एकच, पोलीस दलही एकच.

आमची सूचना अगदी साधी आहे. जेथे शिक्षा सात वर्षे वा त्याहून अधिक असू शकते, अशा प्रत्येक गुन्ह्यात आरोपीला पहिल्या रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करताच दंडाधिकाऱ्याने त्याला किंवा त्याच्या वकिलास विचारावे, की घटनेच्या काळातील तुझ्या टेलिफोनची नोंद जपून ठेवावयास हवी काय? होय म्हणताच कंपनीच्या नोडल अधिकाऱ्यास त्याच दिवशी आदेश जावा. नोंद, तिचा हॅश व प्रमाणपत्र यांसह एक प्रत न्यायालयाच्या अभिलेखात मोहोरबंद ठेवावी. ती उघडावयाची की नाही याचा वाद पुढे, ज्याच्या त्याच्या पाळीने, खुशाल व्हावा. पोलिसांनी ती नोंद जप्त केली की नाही याला महत्त्व राहणार नाही.

यावर काही आक्षेप येतील. तिऱ्हाइतांचे नंबर उघडे पडतील, असे म्हटले जाईल. पण मोहोरबंद कागद कोणाचेच गुपित फोडीत नाही, आणि प्रत द्यावयाची वेळ येईल तेव्हा न्यायालय खबऱ्यांचे किंवा संबंध नसलेल्यांचे नंबर झाकू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली एका प्रकरणात तसा मार्ग सुचविलेला आहे. आरोपी अशा नोंदींचा उपयोग साक्षीदारांवर दडपण आणण्यासाठी करतील, असेही म्हटले जाईल. ही भीती पोकळ नाही. म्हणूनच प्रत आरोपीच्या हाती न देता न्यायालयाकडे ठेवावी असे आम्ही सुचवितो. दंडाधिकाऱ्यांपुढील कामाचा बोजा वाढेल हा आक्षेप मात्र आम्हांस मानवत नाही. आदेशाचा नमुना छापील असेल, त्यात नंबर व तारखा तेवढ्या भरावयाच्या. खर्च म्हणाल तर ज्या नोंदी कंपनीच्या यंत्रात आधीच पडलेल्या आहेत त्या पुसावयाच्या नाहीत, इतकाच.

यासाठी संसदेने नवा कायदा करण्याचीही वाट पाहावयास नको. फौजदारी न्यायालयांचे कामकाज कसे चालावे याची नियमपुस्तिका मुंबई उच्च न्यायालयच प्रसिद्ध करीत असते. २०२५ चा निकाल ज्या न्यायालयाने दिला त्याच्याच अखत्यारीत ही गोष्ट आहे. राज्याच्या गृहखात्यालाही पोलीस ठाण्यांस परिपत्रक काढून सांगता येईल, की ज्या आरोपीचे कॉल रेकॉर्ड तपासात मागविले असेल त्याची नोंद केस डायरीत व दोषारोपपत्रासोबतच्या यादीत केलीच पाहिजे, मग त्यातून पोलिसांच्या बाजूचे काही निघो वा न निघो. सरकार सर्वोच्च न्यायालयात अपील घेऊन गेले, तो त्याचा अधिकार आहे. पण त्या अपिलात सरकारी वकील उभे राहतील तेव्हा २००६ सालच्या त्या नोंदी कोठे गेल्या हा प्रश्न त्यांना तेथेही विचारला जाईल, आणि आज राज्यातील कोठडीत असलेल्या ज्या माणसाची दोन वर्षांची मुदत भरत आली आहे, त्याच्या नोंदींचे काय, हेही त्यांना तेव्हा सांगता आले पाहिजे.